बादलीत लोंबणारी दोरी

डोंबिवलीच्या घरात आम्ही दोघी राहत होतो, मी आणि माझ्या सासूबाई. मी चौसष्टची, त्या शहाऐंशीच्या. सरकारच्या हिशेबी दोघीही ज्येष्ठ नागरिक. घरात मात्र मी अजून सूनच होते, आणि त्या पदाला निवृत्तीचं वय नसतं. माझे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगा कॅनडात. घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. सासूबाई शेवटच्या खाली उतरल्या होत्या त्या मतदानाला, आणि येताना प्रत्येक मजल्यावर खुर्ची ठेवावी लागली होती.

इमारत पाडून नवी बांधायची, याच्या सभा आमच्याकडे बारा वर्षं चालल्या. पहिल्या सभेत जे सगळ्यांत मोठ्याने बोलले होते त्यांतल्या तिघांचे फोटो आता त्यांच्या त्यांच्या घरात हार घालून भिंतीवर होते. शेवटी एकदाच्या सह्या झाल्या आणि घर वर्षभरात रिकामं करायचं ठरलं. नवी इमारत तीन वर्षांत मिळणार होती. सासूबाईंनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, "तीन वर्षांत? मला का माझ्या वारसांना?"

मुलाने फोनवर एक जागा सुचवली. आंबिवलीच्या पुढे, नदीच्या बाजूला, ज्येष्ठांसाठी बांधलेली मोठी वसाहत. नाव इंग्रजी होतं आणि त्याचा अर्थ विकणाऱ्यांनाही सांगता आला नसता. तिची माहितीपुस्तिका कुरियरने आली. इतका जाड, गुळगुळीत कागद माझ्या ग्रंथालयात फक्त विश्वकोशाच्या नकाशांना असायचा. तीत एकही म्हातारं माणूस नव्हतं. पांढरे केस लावलेली पन्नाशीची माणसं होती, सगळ्यांचे दात शाबूत होते, आणि एका पानावर ती समुद्राकाठी धावत होती. आंबिवलीला समुद्र नाही, हे मी मुलाला सांगितलं.

"आई, तू ना प्रत्येक गोष्टीत खोट काढतेस," तो म्हणाला. "एकदा नीट फायदे-तोटे लिहून काढ आणि मग बोल."

तेवढं मला जमण्यासारखं होतं. अडतीस वर्षं मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काढली. संगणक आल्यावर कॅटलॉगची कोरी कार्डं रद्दीत निघाली तेव्हा मी चार गठ्ठे घरी आणले होते. त्यावर मी लिहायला लागले, एका कार्डावर एकच मुद्दा. फायद्यांचा एक गठ्ठा, तोट्यांचा एक, दोन्हींना रबरबँड. तोट्यांचा गठ्ठा भराभर वाढला. भाजीवाली नाही. दाराशी वर्तमानपत्र टाकणारा ओळखीचा नाही. समोरच्या घरी किल्ली ठेवता येणार नाही. सगळे एकाच वयाचे, म्हणजे कोणाचं तरी सतत काहीतरी होणार. फायद्यांच्या गठ्ठ्यात आठ-नऊच कार्डं होती, पण ती मी पुन्हा पुन्हा वाचत असे. लिफ्ट. चोवीस तास नर्स. सकाळी नाश्त्याला काय करायचं हा प्रश्न नाही. आणि एक कार्ड असं होतं: "आईंची जबाबदारी विभागली जाईल."

कार्डं मी जेवणाच्या टेबलावरच ठेवत असे. सासूबाईंना चष्मा लावूनही लहान अक्षर दिसत नाही, असं मी धरून चालले होते.

तिथे एक नियम होता. ज्याला स्वतःचं स्वतः करता येतं त्यालाच घर मिळायचं. ज्याला मदत लागते त्याची सोय हिरवळीच्या पलीकडे वेगळ्या इमारतीत. म्हणजे आम्ही दोघी गेलो आणि सासूबाई त्यांच्या तपासणीत पास झाल्या नाहीत, तर मी अलीकडे आणि त्या पलीकडे. मी हे जमेल तितक्या सौम्यपणे त्यांना सांगितलं.

"मी कुठेही येईन," त्या म्हणाल्या. "घर पाडतायत म्हटल्यावर यायलाच हवं. पण वेगळ्या खोलीत राहणार नाही. तुझं तोंड बघत बघत म्हातारी झाले, आता नवीन तोंडं कुठे बघत बसू?"

त्यांच्या भाषेत हे कौतुक होतं.

तीन दिवस राहून बघायची सोय होती. आम्ही गेलो. फाटकाशी ओवाळणी झाली, गळ्यात हार पडले, आणि उंच काचेच्या प्याल्यांतून कोकम सरबत आलं. सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कुणाचं लग्न आहे गं?" आम्हाला नेमून दिलेली मुलगी तिशीची होती, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर न उतरणारं हसू. ती मला मॅम म्हणायची आणि सासूबाईंना आजी.

खोली खरंच चांगली होती. दोन पलंग, मोठी खिडकी, पलीकडे नदीकाठची झाडं. पलंगाशेजारी भिंतीवर एक हिरवं बटण होतं. मुलीने समजावलं, "आजी, रोज सकाळी आठच्या आत हे दाबायचं. म्हणजे आम्हाला कळतं की तुम्ही ओके आहात. नाही दाबलं तर आमचा स्टाफ येऊन बघतो."

"मी बरी आहे की नाही ते मी हिला सांगीन," माझ्याकडे बोट करत त्या म्हणाल्या. "भिंतीला कशाला सांगू?"

मुलगी हसली. तिला तसं शिकवलेलं असावं. तिन्ही दिवस बटण मीच दाबायचं ठरलं.

न्हाणीघर आमच्या स्वयंपाकघरापेक्षा मोठं होतं. धरायला दांडे, न घसरणारी फरशी, बसून अंघोळ करायला भिंतीतलं आसन, वरून आणि बाजूने पाणी. आणि भिंतीवर उंच बसवलेल्या एका डबीतून खाली जमिनीपर्यंत लोंबणारी लाल दोरी. पडलात, अडचण आली, तर ओढायची. खाली पडलेल्या माणसाच्याही हाताला लागावी म्हणून ती इतकी लांब, हे मुलीने दोनदा सांगितलं. मी दोन्ही वेळा मान डोलावली.

फक्त बादली नव्हती.

डोंबिवलीत आम्ही सगळा जन्म बादलीने अंघोळ केली. पाणी सकाळी तासभर येणार, ते भरून ठेवायचं आणि तांब्याने घ्यायचं. सासूबाईंच्या मते फवाऱ्याखाली उभं राहणं म्हणजे भिजणं, अंघोळ नव्हे. मी फोन करून बादली मागितली. पलीकडच्या माणसाला वाटलं फरशी पुसायला हवी आहे. दुसऱ्या फोनला विचारलं, खोलीत गळती आहे का. शेवटी साफसफाई करणाऱ्या, जवळच्याच गावातल्या एक बाई आल्या. सासूबाईंना म्हणाल्या, "बालदी कशाला गो आजी? वरशी पानी परतं ना."

"वरून पडतं ते पावसाचं," सासूबाई म्हणाल्या.

बाई खळखळून हसल्या. त्या वसाहतीतलं न शिकवलेलं हसू मी तेवढंच ऐकलं. अर्ध्या तासाने त्या स्वतःच्या घरची निळी बादली आणि एक स्टीलचा तांब्या घेऊन आल्या. इथे पूर्वी आमचंच भात व्हायचं, असं जाताना सहज सांगून गेल्या.

बादली ठेवायला नळाखाली एकच जागा होती आणि लाल दोरी बरोबर तिथेच उतरत होती. बादली भरली की दोरीचं टोक पाण्यात बुडायचं. न्हाणीघराच्या जमिनीला लागलेली दोरी, ती अंघोळीच्या पाण्यात! पहिल्या दिवशी सासूबाईंनी बादली ओतून दिली आणि पुन्हा भरायला लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बरोबर आणलेल्या कार्डांच्या एका गठ्ठ्याचं रबरबँड काढलं, दोरी नीट घड्या घालून गुंडाळली, टाचा उंचावून पार वर डबीपाशी नेली आणि रबरबँडने बांधून टाकली. आपल्या घरात अडचणीची वस्तू दिसली की गुंडाळून वर ठेवायची, मी आयुष्यभर तेच केलं. पडद्यांच्या दोऱ्या, इस्त्रीची वायर, पाण्याची नळी. हात आपोआप चालले. रबरबँड फायद्यांच्या गठ्ठ्याचं होतं की तोट्यांच्या, ते आठवत नाही. लिहिणाऱ्याला आठवलं असतं तर शोभलं असतं.

त्याच सकाळी तपासणी झाली. सासूबाई वार, महिना, पंतप्रधान सगळं सांगून मोकळ्या झाल्या, मग तपासणाऱ्याला त्याचं गाव विचारलं आणि त्याच्या आत्याची ओळखही काढली. काठी घेऊन लांब व्हरांडा चालून दाखवला. फक्त उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, डावा जेमतेम कानापर्यंत. हे मला नवीन नव्हतं. सहा वर्षं त्यांचा अंबाडा मीच बांधत होते. तपासणाऱ्याने कागदावर तशी नोंद केली आणि म्हणाला, "बाकी आजी एकदम फिट आहेत."

म्हणजे एकच खोली मिळणार होती. जेवताना त्यांनी दोन घास जास्त घेतले.

दुपारी साडेचारला सभागृहात कार्यक्रम होता. कृतार्थ वार्धक्यावर कोणीतरी बोलणार होतं आणि आधी सर्वांत ज्येष्ठ पाहुण्या म्हणून सासूबाईंचा सत्कार. शाल, श्रीफळ, रोपटं. मला सत्कारांचा कंटाळा आहे. महाविद्यालयात मी इतके पाहिले की कोणाला कोणती शाल परत गेली तेही सांगू शकेन. सासूबाईंचा मात्र आयुष्यात कधी सत्कार झाला नव्हता. त्यांनी बॅगेतून मोरपंखी साडी काढून पलंगावर ठेवली.

"तू हो पुढे," तीन वाजता त्या म्हणाल्या. "मी जरा पडते, मग हातपाय धुऊन साडी नेसते. मला नेसायला मदत नको. सत्काराला माझी मी येणार."

मी वसाहतीचं ग्रंथालय बघायला गेले. दीड तास तिथे होते. ते वाचणाऱ्याला बारकाईने सांगायला हवं, कारण मी त्या दीड तासात फार खूश होते. पुस्तकं रंगांप्रमाणे लावलेली होती. निळी एकीकडे, पिवळी एकीकडे. निम्म्यांवरचा प्लास्टिकचा कागदही निघाला नव्हता. यशस्वी कसं व्हावं याची सतरा पुस्तकं, साठी उलटलेल्यांसाठी. एका मराठी कादंबरीचा दुसरा आणि चौथा भाग होता, पहिला आणि तिसरा नव्हता. मी मनातल्या मनात मुलाला सांगायची वाक्यं जुळवत होते, आणि एक कपाट विषयवार लावूनही टाकलं. इथे राहायला आले तर दुपारी काय करायचं, हे मला कळलं होतं. त्या क्षणी मी ठरवलं होतं, आपण इथे यायचं.

साडेचारला सभागृह भरलं. समई लागली. सासूबाईंची खुर्ची रिकामी. आमची ती मुलगी हळूच म्हणाली, "आजींना बोलवायला पाठवू का मॅम?"

"नको," मी म्हणाले. "डोळा लागला असेल. येतील त्या. वेळेच्या पक्क्या आहेत."

वक्त्यांचं भाषण आधी घेतलं. ते चाळीस मिनिटं बोलले. त्यांचा एकही शब्द मला आठवत नाही.

खोलीत गेले तेव्हा साडी पलंगावर तशीच होती. सासूबाई न्हाणीघरात बादलीशेजारी कुशीवर पडल्या होत्या. अंगावर परकर आणि ब्लाउज. पाणी वाहून गेलं होतं, फरशी सुकत आली होती. डोळे उघडे होते. दोरी वर डबीपाशी, माझ्या घड्या घातलेली, नीटनेटकी.

"आधी साडी टाक अंगावर," त्या म्हणाल्या. "मग बोलव कोणाला बोलवायचं ते."

मी साडी टाकली. "आई, हाक का नाही मारलीत?"

"भर दुपारी? परक्या ठिकाणी? शेजारी लोक झोपलेले असतात." मग जरा थांबून, "सत्कार झाला?"

"नाही हो. तुमच्याशिवाय कसा होईल?"

"मग रोपटं नको म्हणाव. आपल्याकडे ठेवायला जागा नाही."

मी फोन केल्यावर दोन मिनिटांत माणसं आली, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. स्ट्रेचर आलं, नर्स आली, व्यवस्थापक आले. त्यांनी वर पाहिलं आणि चेहरा बदलला. "ही कॉर्ड कोणी बांधली?"

मी तोंड उघडलं. उघडलं होतं एवढं मला नक्की आठवतं.

"मी बांधली," स्ट्रेचरवरून सासूबाई म्हणाल्या. "बादलीत लोंबत होती."

व्यवस्थापकांनी मान हलवली, लहान मुलाच्या चुकीला हलवतात तशी. नर्सने सासूबाईंचा हात थोपटला. ज्या बाईचा हात कानापर्यंत जेमतेम पोचतो, ती साडेसहा फुटांवर दोरी कशी बांधेल, हे कोणाच्याही लक्षात आलं नाही. सकाळीच त्यांच्याच कागदावर लिहिलेलं होतं. आणि मी, अडतीस वर्षं लोकांना "नोंद बघा" म्हणत आलेली बाई, गप्प उभी राहिले.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ठाण्यात शस्त्रक्रिया झाली. घरी आणताना इमारतीतल्या चौघांनी त्यांना खुर्चीसकट तीन मजले चढवलं. समोरच्यांनी किल्ली आपणहून मागून घेतली. मुलगा रोज व्हिडिओवर यायचा. एकदा म्हणाला, "आजी पण कमाल करते. एवढी महागडी सिस्टिम, आणि ती बांधून ठेवते!" फोन माझ्या हातात होता, त्या शेजारीच पडलेल्या. मी म्हणाले, "जेवलास का?"

फोन ठेवल्यावर मी अंथरुणाशी बसले. "आई, तुम्ही तसं का म्हणालात? दोरी मी बांधली होती."

"मला ठाऊक नाही होय? बघत होते की मी."

"मग?"

त्या छताकडे बघत होत्या. "तुला तिथे जायचं होतं. तुझं नाव खराब झालं असतं तर तुला घेतली असती का त्यांनी? माझं काय, मी आता त्या पलीकडच्या इमारतीतलीच." मग म्हणाल्या, "कार्डं अशी टेबलावर ठेवू नयेत गं. मोठ्या अक्षरात लिहायची सवय तुझी. ग्रंथालयातली."

कोणतं कार्ड त्यांनी वाचलं होतं, हे विचारायची गरज नव्हती.

"अंबाडा सैल झालाय," त्या म्हणाल्या. मी केस सोडून पुन्हा बांधले.

चार महिन्यांनी त्या गेल्या. घरीच, माझ्याच खोलीत. दुपारचे तीन वाजले होते. मी समोरच्यांची बेल वाजवली आणि वाजवताना क्षणभर माझाही हात अडखळला.

घर रिकामं करायची तारीख जवळ आली तेव्हा वसाहतीतून फोन आला. त्याच मुलीचा. आजींबद्दल फार वाईट वाटलं, आणि मॅम, एकट्यांसाठीही आमच्याकडे खोल्या आहेत. मी गेले. मला कुठेतरी जायला हवंच होतं. मुलाने कॅनडाला बोलावलं होतं, पण तिथल्या थंडीविषयी मी बरंच वाचलेलं आहे.

ह्या वेळी ओवाळणी नव्हती. मुलीने मला दुसरी खोली दाखवली. न्हाणीघरात नळाखाली नवी बादली होती, पांढरी, वसाहतीचं नाव छापलेली. तांब्याही होता. दोरी आता भिंतीच्या दुसऱ्या बाजूला सरकवलेली, आणि तिच्याशेजारी मराठी-इंग्रजीत पाटी, "कृपया दोरी बांधू नये."

"हे आम्ही आता सगळीकडे केलं," ती म्हणाली. मी कोण ते तिला आठवत होतं, पण सांगायचं वाक्य पाठ झालेलं असावं; ते आपोआप आलं. "एका आजींनी बांधून ठेवली होती ना, तेव्हापासून."

"आजींनी नाही," मी म्हणाले. "मी बांधली होती."

तिचं हसू तिथल्या तिथे थांबलं. "मॅम?"

"त्यांचा हात वर जात नव्हता. तुमच्या कागदावर आहे बघा, त्या सकाळच्या. दोरी मी बांधली. त्या खोटं बोलल्या आणि मी बोलू दिलं."

चांगली मुलगी होती. माझ्या हाताला हात लावून म्हणाली, "असू दे मॅम. आता सगळं क्लोज झालंय ते."

त्या रात्री मी मुलालाही फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "आई, आता सोड ना." दोघांनीही मला इतक्या सहज माफ केलं की ती माफी परत द्यावीशी वाटली. ज्या ठिकाणी, ज्या माणसासमोर ते बोलायचं होतं, ती वेळ दोन मिनिटांची होती आणि तेवढ्यात मी तोंड उघडून मिटलं होतं.

खोली मी घेतली. लिफ्ट आहे. नर्स आहे. नाश्त्याला काय हा प्रश्न खरंच उरला नाही. ग्रंथालयातली निळी पुस्तकं मी विषयवार लावून टाकली, आणि कोणाची तक्रार आलेली नाही, कारण कोणी बघितलेलंच नाही. बादली आणून देणाऱ्या त्या बाई अधूनमधून येतात. त्यांची निळी बादली परत मिळाली का, हे मी विचारलं. मिळाली म्हणाल्या.

कार्डांचे दोन्ही गठ्ठे बरोबर आणले आहेत. त्यातलं एक कार्ड मी फाडणार होते, ते फाडलं नाही. ते खरं होतं. त्यावर लिहिलेली जबाबदारी विभागली गेली नाही, पुरी संपली, एवढाच फरक.

आणि रोज सकाळी आठच्या आत मी पलंगावरून हात लांब करते, आणि भिंतीला सांगते की मी बरी आहे.